उधारीचे कार्ड आणि घरखर्चाचा हिशेब



डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत पगारदार कुटुंबांची संख्या गेल्या काही दशकांत वाढली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, आरोग्य केंद्रे, पंचायत समित्या, रेल्वे आणि महामार्गालगतचे कारखाने यांतून काम करणाऱ्या माणसाचे वेतन आता थेट बँकेत जमा होते. वेतन बँकेत येऊ लागले की पाठोपाठ क्रेडिट कार्डाचा आग्रहही येतो. ‘प्रत्येक खरेदीवर बक्षीस’, ‘पहिले वर्ष विनामूल्य’, ‘पेट्रोलवर सवलत’ अशी त्याची भाषा असते. कोणते कार्ड घ्यावे, हा प्रश्न आज शिक्षकांच्या खोलीत जितका विचारला जातो, तितकाच पंचायतीच्या कचेरीतही विचारला जातो. त्याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते ज्याने त्याने आपल्या घरखर्चाच्या वहीत शोधावयाचे असते.

या भूमीला उधारी नवीन नाही

रोजच्या खर्चासाठी उसने घेणे ही गोष्ट या परिसराला परकी नाही. पावसाळ्यात, आषाढ-श्रावणाच्या सुमारास, घरातील दाणे संपत आणि नवे पीक हाती यावयाला अवकाश असे. त्या दिवसांत पोटासाठी काढलेल्या कर्जाला ‘खावटी’ म्हणत. ती धान्याच्या रूपाने मिळे आणि सुगीच्या वेळी वाढीव मापाने फेडावी लागे. लग्नासाठी घेतलेली रक्कम तर याहून महाग पडे. ती फिटेपर्यंत, पुष्कळदा आयुष्यभर, नवराबायकोला सावकाराच्या घरी राबावे लागे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मुंबई प्रांताच्या सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांचा आदिवासी भागांविषयीचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. ठाणे जिल्ह्यातील या पद्धतीची नोंद त्यात आहे. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी २३ मे १९४५ रोजी वारली शेतकऱ्यांची सभा झाली. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील चळवळीने वेठ आणि लग्नगडी या प्रथांवर घाव घातला, तो त्या काळात.

पुढे कायद्यानेही या कामी पावले उचलली. १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा केंद्रीय कायदा झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठीचा अधिनियम आला. आदिवासींना खासगी कर्जे देण्याच्या व्यवहारावर त्याने बंधने घातली. पावसाळ्याच्या टंचाईत कुटुंबाने सावकाराकडे जाऊ नये म्हणून १९७८ पासून शासनाची खावटी कर्ज योजना सुरू झाली व ती २०१३-१४ पर्यंत चालली. करोना साथीच्या काळात, २०२०-२१ साली, ती एका वर्षासाठी अनुदानाच्या रूपात पुन्हा आणण्यात आली. तेव्हा कुटुंबामागे ४,००० रुपयांचे साहाय्य ठरले होते. त्यांपैकी २,००० रुपये बँक खात्यात आणि २,००० रुपये वस्तुरूपाने द्यावयाचे होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, उधारीला विचारावयाचे प्रश्न जुन्या पिढीने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहेत. रक्कम किती, परत केव्हा करावयाची, तिची किंमत काय आणि हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो, हे ते चार प्रश्न होत. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्याला चौथ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसे. आजच्या शिक्षित कार्डधारकाला ते ठाऊक असू शकते. मात्र त्याने महिन्याचे देयक उघडून वाचले पाहिजे.

बक्षीस येते कोठून

भारतात क्रेडिट कार्ड १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने प्रथम आणले. डेबिट कार्डाने खर्च केला की पैसे आपल्याच खात्यातून लगेच जातात. क्रेडिट कार्डाने खर्च केला की दुकानदाराला पैसे बँक देते आणि ग्राहक ते बँकेला पुढे देतो. म्हणजे क्रेडिट कार्डाची प्रत्येक खरेदी हे एक छोटे कर्ज असते.

या कर्जाला ठरावीक दिवस व्याज नसते. समजा, दर महिन्याच्या ५ तारखेला देयक निघते आणि २५ तारखेपर्यंत पैसे भरावयाचे आहेत. ६ जूनला घेतलेली वस्तू ५ जुलैच्या देयकात येईल आणि २५ जुलैपर्यंत, म्हणजे ४९ दिवस, ते पैसे बिनव्याजी वापरावयास मिळतील. तीच वस्तू ४ जूनला घेतली असती तर २१ दिवसच मिळाले असते.

मग बक्षीस कोण देतो? दुकानदार कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर काही शुल्क बँकांना देतो. त्याचा एक भाग ग्राहकाला गुण किंवा परतावा म्हणून मिळतो. उरलेला मोठा आधार असतो तो वेळेवर पूर्ण पैसे न भरणाऱ्या ग्राहकांच्या व्याजाचा. वेळेवर भरणाऱ्याच्या बक्षिसाचा काही भार न भरणारा सोसतो. म्हणून कार्ड निवडण्यापूर्वी आपण या दोहोंपैकी कोणत्या रांगेत उभे राहणार, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरविले पाहिजे.

आधी वही, मग कार्ड

एका शिक्षक कुटुंबाचा मासिक खर्च उदाहरणादाखल २०,००० रुपये धरू. किराणा ६,०००, दूध, भाजी व मासळी ५,०००, पेट्रोल २,०००, वीज व मोबाइल १,५००, मुलांची फी व पुस्तके २,५००, औषधे व कपडे ३,०००. जाहिरात ‘शेकडा १ रुपया परत’ असे सांगते. त्या हिशेबाने महिन्याला २०० आणि वर्षाला २,४०० रुपये मिळावयास हवेत.

प्रत्यक्षात काय होते? दूधवाला, भाजीवाली आणि आठवडी बाजारात सुकी मासळी विकणारी बाई कार्ड घेत नाहीत. ते ५,००० बाजूला गेले. पेट्रोलवर पुष्कळ कार्डे गुण देत नाहीत, फक्त अधिभार माफ करतात. ते २,००० गेले. वीज, फी यांसारख्या देण्यांवर अनेक कार्डे कमी गुण देतात किंवा मुळीच देत नाहीत. ते ४,००० गेले. उरले किराणा, औषधे आणि कपडे मिळून ९,००० रुपये. त्यावर महिन्याला ९० आणि वर्षाला १,०८० रुपये मिळतील. कार्डाचे वार्षिक शुल्क ४९९ रुपये असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा करासह ते सुमारे ५८९ होते. निव्वळ लाभ उरला ४९१ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४१.

लाभ नगण्य आहे असे नव्हे, पण तो एवढाच आहे. हे एकदा कागदावर मांडले की निवड पुष्कळ सोपी होते. अशा कुटुंबाला वार्षिक शुल्क नसलेले व सरसकट परतावा देणारे साधे कार्ड १,०८० रुपये देईल. शुल्क असलेले झगझगीत कार्ड त्याच्या निम्म्याहून कमी देईल.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी गुणांच्या खऱ्या किमतीची. एक कार्ड १०० रुपयांवर २ गुण देते, पण गुणाची किंमत २५ पैसे असते. म्हणजे परतावा शेकडा अर्धा रुपया झाला. दुसरे कार्ड १०० रुपयांवर एकच गुण देते, पण त्याची किंमत पूर्ण १ रुपया असते. गुणांची संख्या मोठी असलेले पहिले कार्ड येथे निम्म्या मोलाचे ठरते. गुण किती मुदतीत संपतात आणि ते वटविताना वेगळे शुल्क पडते काय, हेही विचारावे. देयकातून थेट वजा होणारा परतावा समजावयास सर्वांत सोपा असतो.

दुसरी कसोटी स्थानिक उपयोगाची. विमानतळावरील विश्रामकक्ष, मोठ्या शहरांतील उपाहारगृहे व चित्रपटगृहे यांच्या सवलतींचा कासा, उधवा किंवा वाणगाव येथे राहणाऱ्याला फारसा उपयोग नाही. उलट डहाणू रोडहून रेल्वेने नित्य दूरचा प्रवास करणाऱ्याला रेल्वे तिकिटांवर सवलत देणारे कार्ड उपयोगी पडेल. महामार्गाने रोज मोटारसायकलवर जाणाऱ्याला पेट्रोल कंपनीशी संलग्न असलेले कार्ड उपयोगी पडू शकते. मात्र आपल्या वाटेवरचा पंप त्याच कंपनीचा असला पाहिजे. शेजाऱ्याचे उत्तम कार्ड आपल्याला उत्तम ठरेलच असे नाही.

तिसरी कसोटी शुल्कमाफीच्या अटीची. ‘वर्षात २ लाख रुपये खर्च केल्यास शुल्क माफ’ अशी अट असते. वरील कुटुंबाचा कार्डावरचा वार्षिक खर्च १,०८,००० रुपये आहे. ५८९ रुपये वाचविण्यासाठी ९२,००० रुपयांचा जादा खर्च करणे हा व्यवहार कोणत्याही गृहिणीला पटणार नाही. तरीही उंबरठा जवळ आला की अनावश्यक खरेदी होते, हा मनुष्यस्वभाव आहे आणि ती अट त्या स्वभावाला ओळखूनच घातलेली असते.

चौथी कसोटी छोट्या दुकानांची. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्यास संमती जाहीर केली. त्यामुळे ज्या किराणा दुकानात कार्डाचे यंत्र नाही, पण क्यूआर कोडचा फलक आहे, तेथेही असे कार्ड चालू शकते. ही सोय केवळ दुकानदारांना पैसे देण्यासाठी आहे. एका व्यक्तीच्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठविण्यासाठी ती वापरता येत नाही. अशा व्यवहारांवर बक्षीस मिळते काय व किती, हे घेण्यापूर्वीच विचारावे. या सोयीचा एक धोकाही आहे. दहा-वीस रुपयांचा चहासुद्धा उधारीवर जाऊ लागला की महिनाअखेरीस देयकाचा आकडा पाहून घरात सर्वांनाच आश्चर्य वाटते.

किमान रकमेचा फसवा दिलासा

देयकावर दोन आकडे छापलेले असतात. एक ‘एकूण देय रक्कम’ आणि दुसरा ‘किमान देय रक्कम’. दुसरा आकडा लहान असतो, आणि तेवढे भरले की काम झाले, असा समज होतो. हा समज फार महाग पडतो. किमान रक्कम भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही.

समजा, ९,००० रुपयांच्या देयकापैकी किमान रक्कम म्हणून ५ टक्के, म्हणजे ४५० रुपये भरले. राहिले ८,५५०. कार्डाचा व्याजदर दरमहा साडेतीन टक्के धरला, तर एका महिन्याचे व्याज सुमारे २९९ आणि त्यावरील कर ५४, एकूण ३५३ रुपये होतात. वर्षाला हा दर ४२ टक्के पडतो. जवळजवळ चार महिन्यांची बक्षिसी एका महिन्याच्या व्याजात गेली. पुढच्या महिन्यात नवी खरेदी मुळीच केली नाही, असे मानू. देणे झाले ८,९०३. त्याची ५ टक्के किमान रक्कम ४४५ भरली, तर त्यांतील ३५३ व्याज व करात जातात आणि मुद्दल अवघे ९२ रुपयांनी कमी होते. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सामान्यतः बंद होते आणि खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. प्रत्यक्ष भार त्यामुळे या आकड्यांहून जास्तच असतो.

कार्डाने रोख रक्कम काढणे तर सर्वथा टाळावे. तेथे बिनव्याजी मुदत नसते. शुल्क आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतात.

यावर उपाय साधा आहे. पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हावी, अशी सूचना बँकेला द्यावी. तसे करताना ‘किमान’ नव्हे, ‘एकूण’ रकमेचा पर्याय निवडला आहे ना, हे पाहावे. देय दिनांक वेतनानंतर थोड्याच दिवसांत येईल असे देयकचक्र मागून घ्यावे. वेतन काही कारणाने लांबले, तर एका महिन्याचे देयक भागेल एवढी शिल्लक खात्यात असावी. तेवढी शिल्लक नसेल, तर कार्ड घेण्याची वेळ अजून आलेली नाही, असे समजावे.

ग्राहकाचे हक्क

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांविषयी सविस्तर निर्देश काढले आणि त्याच वर्षी ते अमलात आले. ग्राहकाची संमती नसताना कार्ड देता येत नाही. दिले आणि त्यावर आकारणी केली, तर ती रद्द करून तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण केली पाहिजे. न केल्यास पुढील प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड आहे. कर्जमर्यादा वाढविण्यास ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. मुख्य अटींचे एक पानी विवरण अर्जासोबत मिळाले पाहिजे. ते वाचल्याखेरीज सही करू नये.

तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक वाटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दूरध्वनीवर कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी कोणी विचारला, तर तो बँकेचा माणूस नव्हे, हे निश्चित समजावे. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. कर्जफेडीचा आपला अहवालही वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर भलतेच कर्ज नाही ना, हे त्यातून कळते.

ज्यांना महिन्याचे वेतन नाही

आतापर्यंतचे विवेचन ठरलेल्या तारखेला वेतन मिळणाऱ्यांपुरते आहे. या दोन तालुक्यांतील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न ऋतूंनुसार येते. भाताच्या सुगीचे पैसे एकदा येतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचा हिशेब हंगाम संपताना होतो. मच्छीमाराचे उत्पन्न पावसाळ्यात थांबते. दर महिन्याला पूर्ण रक्कम मागणारे कार्ड अशा घराला बक्षीस देणार नाही, बाकी देईल.

त्यांच्यासाठी निराळे कार्ड आहे आणि ते १९९८ पासून आहे. किसान क्रेडिट कार्डाची परतफेड पिकाच्या हंगामाशी जोडलेली असते. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज पडते आणि वेळेवर फेड केल्यास ३ टक्क्यांची सूट मिळून ते ४ टक्क्यांवर येते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या कृषिकर्जाला तारण लागत नाही. पशुपालक आणि मच्छीमार यांनाही ही सोय आता खुली आहे. पुष्कळांना ठाऊक नसलेली एक तरतूद तिच्यात आहे. पिकासाठी ठरलेल्या रकमेच्या १० टक्के इतकी जादा मर्यादा काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी धरली जाते. पिकाची गरज ५०,००० रुपये असेल तर ५,००० रुपये त्यासाठी मिळू शकतात. आषाढातील दाण्यांचा प्रश्न जुन्या काळी खावटीने सोडविला जाई आणि त्यातून नवा प्रश्न उभा राही. तो ४ टक्के दराने सुटत असेल, तर त्याच्यापुढे दुसऱ्या कोणत्याही बक्षिसाची मातब्बरी नाही. याच्या जोडीला महिला बचत गटांचे अंतर्गत कर्ज आहे. त्याचा हिशेब गावातच, सर्वांच्या देखत लिहिला जातो.

शिक्षक व पंचायत सदस्य यांचे काम

गावात बँकेचा कागद आला की तो वाचून दाखविण्यासाठी माणसे गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे किंवा सदस्याकडे येतात. म्हणून ही माहिती त्यांच्यापाशी असणे विशेष महत्त्वाचे आहे. वरच्या वर्गांत शेकडेवारी आणि व्याज शिकविताना कार्डाचे एक नमुना देयक फळ्यावर मांडता येईल. किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज किती महिने चालते, हे मुले स्वतः काढतील आणि घरी जाऊन सांगतील. ग्रामसभेत पावसाळ्यापूर्वी एकदा किसान क्रेडिट कार्डाचा विषय घेता येईल. कोणाचे कार्ड नूतनीकरणावाचून पडले आहे, कोणाचा अर्ज बँकेत अडला आहे, याची यादी करून बँक व्यवस्थापकांना भेटता येईल. कामाला येणाऱ्या नव्या तरुण सहकाऱ्याला पहिल्या वेतनाच्या वेळी वडिलकीच्या नात्याने दोन गोष्टी सांगता येतील. त्या अशा की, कार्ड एकच पुरे, आणि देयक आले की पूर्ण भरावे.

वेळेवर पूर्ण पैसे भरणाऱ्याला कार्ड ही एक सोय आहे. त्यातून वर्षाला हजार रुपये वाचले तर तेही घराला उपयोगी आहेत. मुलांची वह्या-पुस्तके त्यात येतील. मात्र ते हजार रुपये मिळविण्यासाठी घराचा हिशेब बँकेच्या हाती सोपवून निश्चिंत राहणे परवडणारे नाही. झरीच्या सभेला जमलेल्या माणसांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी आपल्यावर लिहिले गेलेले कर्ज खोटे आहे हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या नातवंडांना आणि पतवंडांना आज वाचता येते. आलेले देयक त्यांनी दर महिन्याला नीट वाचावे, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे, एवढी अपेक्षा या प्रसंगी व्यक्त करणे योग्य ठरेल.